वसईचे संत गोन्सालो गार्सिया : एका पदयात्रेच्या निमित्ताने

आपल्या धर्मग्रामाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षी युवक मंडळाची मुले-मुली पायी चालत वसईच्या किल्ल्यातील संत गोन्सालो गार्सिया यांच्या देवळास यात्रेला गेली, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. मीही त्यांच्यासोबत होतो. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी कुरकूर सुरू केली; परंतु मुलांच्या उत्साहापुढे ती बोलून दाखवण्याची सोय नव्हती. रात्री वाटेवरील एका देवळाच्या आवारात तंबू ठोकले, खिचडी शिजली, जपमाळ झाली. त्यानंतर कंदिलाभोवती बसलो असता एका मुलाने विचारले की, वसईला आगगाडी जात असताना आपण पाय का झिजवावेत? त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीचा प्रश्न अधिक अवघड होता. संत गोन्सालो क्रूसावर मरण पावले हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण मरण्यापूर्वी त्यांनी आयुष्यभर केले काय, असे तिला जाणून घ्यावयाचे होते.

मी दिलेले उत्तर अपुरे होते. दिवसभराच्या श्रमाने मी थकलो होतो, आणि खरे सांगावयाचे तर या संताच्या मरणाविषयी मी जेवढी प्रवचने केली आहेत त्याच्या दशांशानेही त्यांच्या जगण्याविषयी केलेली नाहीत. ती उणीव या पानांवर भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५६-५७ साली वसईत झाला. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली ती १५३४ साली. म्हणजे त्या वेळी या राजवटीला उणीपुरी वीस-बावीस वर्षे झाली होती. वडील पोर्तुगीज आणि आई येथल्याच मातीतली. किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. तेथे हा मुलगा शिकला, वाढला, आणि त्या धर्मगुरूंचे जीवन पाहून आपणही त्यांच्यापैकीच एक व्हावे ही ओढ त्याच्या मनात उत्पन्न झाली. पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच तो एका येशूसंघीय धर्मगुरूंसोबत जहाजात बसून जपानला गेला. आपल्या यात्रेत सर्वांत पाठीमागे चालणारी जी मुले होती, त्यांच्याच वयाचा तो होता. त्या काळी समुद्रापार गेलेला मनुष्य परत येईलच याची खात्री कोणी देत नसे. हा मुलगा तर वसईला पुन्हा परतलाच नाही.

जपानमध्ये त्याने प्रथम भाषा शिकून घेतली. ती भाषा परकीयांस किती कठीण वाटे याविषयी त्या काळच्या धर्मप्रसारकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. गोन्सालो मात्र ती अशी बोलू लागला की लोक त्याच्याभोवती जमत. सुमारे आठ वर्षे त्याने येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम केले. मुलांस धर्मपाठ शिकवणे, आजाऱ्यांस भेटणे, धर्मगुरूंचे बोलणे लोकांस समजावून सांगणे, असे ते काम होते. या सर्व काळात त्याची एकच इच्छा होती, ती म्हणजे येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. दार उघडेल म्हणून तो वर्षानुवर्षे उंबरठ्यावर उभा राहिला आणि दार उघडले नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. संतांच्या चरित्रांत हा भाग आपण घाईघाईने ओलांडतो, कारण शेवट गोड झाला हे आपणांस आधीच ठाऊक असते. परंतु पंचविशीच्या आतबाहेर असलेल्या त्या तरुणाला शेवट ठाऊक नव्हता. आपले घर दूर, आपली भाषा बोलणारे थोडे, आणि ज्या एका गोष्टीसाठी सर्व सोडून आलो ती मिळणार नाही, एवढेच त्याला दिसत होते. अशा वेळी पुष्कळ जण देवावर रुसतात; कित्येक ख्रिस्तसभेकडे पाठ फिरवतात.

गोन्सालो यांनी व्यापार आरंभिला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, शब्दाला किंमत होती. धंद्यात त्यांना चांगली बरकत आली. परंतु पैसा हाती आला तरी मनातली पहिली ओढ विझली नाही. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाईन्समधील मनिला येथे जात असत. तेथे त्यांची गाठ संत फ्रान्सिसच्या अनुयायांशी पडली. त्यांचे दारिद्र्य आणि महारोग्यांची त्यांनी चालवलेली सेवा पाहून गोन्सालो यांनी व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून प्रवेश केला. ते धर्मगुरू झाले नाहीत. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांना अखेरपर्यंत मिळाला नाही. जो लहानसा दरवाजा उघडा होता, त्यातून ते नम्रपणे आत गेले.

आणि आता देवाची योजना पाहा. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांस पाठवले. बादशहा नावाला होता; खरी सत्ता हिदेयोशीच्या हाती होती, आणि त्याने १५८७ सालीच ख्रिस्ती धर्मप्रसारकांस देश सोडण्याचा हुकूम काढला होता. अशा मनुष्यापुढे उभे राहून बोलावयाचे तर त्याची भाषा व तेथील दरबारी रीत जाणणारा दुभाषी हवा होता. तो दुभाषी म्हणजे वसईचे धर्मबंधू गोन्सालो. उंबरठ्यावर उभे असताना जी भाषा शिकले आणि व्यापार करताना जी माणसे ओळखू लागले, तेच भांडवल आता कामास आले. दार बंद होते ती वर्षे वाया गेली नव्हती.

हिदेयोशीने त्यांस क्योतो शहरी राहण्यास जागा दिली. तेथे छोटेसे देऊळ उभे राहिले आणि महारोग्यांसाठी इस्पितळे निघाली. ज्यांस त्यांच्या घरच्यांनी टाकले होते त्यांच्या जखमा हे बंधू धूत असत. या दिवसांत सर्व सुरळीत होते असे मात्र समजू नये. पोर्तुगीज आश्रयाखालील येशूसंघीय आणि स्पॅनिश आश्रयाखालील फ्रान्सिस्कन यांच्यात कामाच्या पद्धतीवरून व अधिकारावरून कटू मतभेद होते. संतांच्या काळीही ख्रिस्तसभेत भांडणे होती, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश जहाज वादळाने भरकटून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. त्यातील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. या प्रकरणात धर्मप्रसारकांविषयीचा त्याचा संशय भडकला, आणि डिसेंबरात क्योतो व ओसाका येथे धरपकड सुरू झाली. त्याच जहाजातून गुरुदीक्षेसाठी मायदेशी मेक्सिकोला निघालेले तरुण फ्रान्सिस्कन बंधू फेलिपेही पकडले गेले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. नंतर त्यांस गाड्यांत बसवून शहरातून मिरवण्यात आले. मग हुकूम झाला की त्यांस नागासाकीला नेऊन क्रूसावर द्यावे. नागासाकीत ख्रिस्ती लोक पुष्कळ होते. त्यांस दहशत बसावी हा हेतू.

आपल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर या वाटेवर आहे. भर हिवाळ्यात, सुमारे आठशे किलोमीटर, जवळजवळ चार आठवडे ते चालत होते. अखेरचा थोडा टप्पा होडीने झाला. निघाले तेव्हा ते चोवीस होते. दोन ख्रिस्ती मनुष्य, पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस नावाचा सुतार, कैद्यांची वाटेत सेवा करावी म्हणून त्यांच्यामागून चालू लागले. पहारेकऱ्यांनी त्यांसही धरले आणि संख्या सव्वीस झाली. त्या दोघांची नावे हुकूमनाम्यात नव्हती. ते केवळ सोबत चालले, आणि त्या सोबतीनेच संतपदास पोहोचले.

त्या सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. तीन तर मुलेच होती. लुई इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा, आणि थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. थॉमसचा बापही त्याच्याबरोबर चालत होता. वाटेतील एका मुक्कामी थॉमसने आपल्या आईला पत्र लिहिले. तिने दुःख करू नये व धाकट्या भावंडांस श्रद्धेत सांभाळावे, असा त्याचा आशय होता. ते पत्र पुढे त्याच्या बापाच्या मृतदेहावर रक्ताने डागाळलेले सापडले. लहानग्या लुईला धर्म सोडल्यास सुटका देऊ केली होती. त्याने ती नाकारली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रूस मांडून ठेवलेले होते. खिळ्यांऐवजी लोखंडी कड्या आणि दोर होते. गोन्सालो पुढे होऊन एका क्रूसाजवळ गेले व हा माझाच काय, अशी त्यांनी चौकशी केली. तो त्यांचा नव्हता. मग त्यांस दुसऱ्या क्रूसाकडे नेण्यात आले, तेव्हा त्यांनी गुडघे टेकून त्याला मिठी मारली. क्रूस उभे राहिले. येशूसंघाचे पॉल मिकी यांनी क्रूसावरून अखेरचे प्रवचन केले व मारणाऱ्यांस क्षमा केली. थोड्याच वेळात भाल्यांनी सर्वांचे प्राण घेतले. ज्या संघाचे दार गोन्सालो यांना उघडले नव्हते त्या संघाचे तिघे आणि ज्या संघाने त्यांना आपले म्हटले त्याचे सहा, असे एकाच ओळीत, एकाच आकाशाखाली मरण पावले. मतभेद तेथे मिटले.

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्ष्यांस धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपदास चढवले. भारतात जन्मलेल्यांपैकी वेदीचा मान मिळालेले पहिले संत ते आमचे गोन्सालो. दरम्यान त्यांच्या गावाचे काय झाले? १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. पुढे किल्ल्यातील देवळे ओस पडून ढासळली. परंतु भोवतालच्या गावांतील श्रद्धा ढासळली नाही. जपानातही तसेच घडले. अडीचशे वर्षांच्या छळात तेथील ख्रिस्ती लोक लपून राहिले आणि धर्मगुरूंवाचून एकमेकांस बाप्तिस्मा देत आले. १८६५ साली नागासाकीत याच सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावे ओउरा येथे देऊळ बांधले गेले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्या लपलेल्या ख्रिस्ती लोकांपैकी काही जण त्या देवळात येऊन तेथील धर्मगुरूंपुढे प्रकट झाले.

युवक मंडळाच्या मुलांनो, तुमच्यापैकी कोणाला हवी ती नोकरी मिळालेली नाही, कोणाचे शिक्षण पैशावाचून अडले आहे, आणि एकाला सेमिनरीतून परत यावे लागले आहे, हे मी जाणतो. त्या रात्री तंबूंसमोर मी जे सांगावयास हवे होते ते हे की, गोन्सालो यांच्या आयुष्यातील मोठा भाग बंद दारापुढेच गेला. तेथे ते हात जोडून स्वस्थ बसले नाहीत. जे शिकता आले ते शिकले, जी सेवा करता आली ती केली. पायी यात्रा याचसाठी करावयाची. आगगाडी आपणांस मुक्कामी पोहोचवते. परंतु शेजारी कोण लंगडतो आहे, कोणाची पिशवी आपण घ्यावी, हे पायवाटच शिकवते. पेद्रो व फ्रान्सिस हे दोघे तेवढेच शिकले होते.

पुढील वर्षी, देवाची कृपा व माझे गुडघे यांनी साथ दिली तर, मीही पुन्हा तुमच्यासोबत चालेन. तोवर आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरासाठी, आणि विशेषेकरून उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी, वसईच्या या सुपुत्राने प्रभूच्या चरणी विनंती करावी, हीच या महोत्सवी वर्षी माझी प्रार्थना आहे.