म्युझियमची नोकरी गेली, मग सलीम अली किहीमला गेले आणि सुगरण पक्ष्याचं गुपित बाहेर आलं

रविवारची पहाट. मुंबई अजून नीट जागी झालेली नाही आणि कुठल्याशा स्टेशनबाहेर दहा-पंधरा जण गळ्यात दुर्बीण अडकवून उभे आहेत. कुणी ठाणे खाडीवर रोहित पक्षी बघायला निघालंय, कुणी येऊरच्या जंगलात, कुणी पनवेलच्या पुढे कर्नाळ्याला. सोबत एक गाईड असतो. तो खुणेनेच सगळ्यांना थांबवतो, झाडाकडे बोट दाखवतो आणि हळूच म्हणतो, बुलबुलापेक्षा थोडा मोठा आहे बघा.

हे 'बुलबुलापेक्षा मोठा, मैनेएवढा' असं माप सांगायची सवय भारतातल्या पक्षीनिरीक्षकांना ज्या पुस्तकाने लावली, ते पुस्तक लिहिणारा माणूस मुंबईचाच. गिरगावजवळच्या खेतवाडीत वाढलेला.

डॉ. सलीम अली.

पण या माणसाची सुरुवात दुर्बिणीने झालेली नाही. ती झाली बंदुकीने.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात सलीम यांचा जन्म झाला. भावंडांत हे सगळ्यात धाकटे, नववे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी या पोरक्या भाच्याला वाढवलं. घराणं तालेवार. गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहात पुढे असलेले अब्बास तय्यबजी हेही याच घरातले.

मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हातात लहानपणीच छर्‍याची बंदूक आली. घराच्या आसपास चिमण्या मारणं हा त्याचा खेळ. आज वाचताना कसंसंच होतं, पण त्या काळच्या सुखवस्तू घरात यात कुणाला काही गैर वाटत नसे.

मात्र हा पोरगा नुसत्या चिमण्या मारत नव्हता, तो नोंदीही ठेवत होता. भिंतीतल्या एका भोकात चिमणीने घरटं केलं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर पहाऱ्याला. सलीमने नराला मारलं. थोड्या वेळाने बघतो तर मादीसोबत दुसरा नर हजर. त्यालाही मारलं, तर तिसरा आला. सात दिवसांत त्या एकाच जागेवर आठ नर टिपले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला, असं त्याने लिहून ठेवलं. तेव्हा त्याचं वय होतं साधारण दहा. ही नोंद पुढे कित्येक वर्षांनी छापून आली.

एक दिवस त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हती. मामांनाही सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे आपल्या बीएनएचएसचे सभासद. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन तिथले मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

पोरगा कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन साहेबापुढे उभा राहिला. साहेबाने पक्षी ओळखला, ती पीतकंठी चिमणी निघाली, म्हणजेच रानचिमणी. पण मिलार्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कपाटं उघडून सोसायटीने पेंढा भरून जतन केलेले पक्षी एकेक करून दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. भारतात शेकडो जातींचे पक्षी आहेत आणि त्यांचा अभ्यास करणारी माणसं आहेत, हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं. मुंबईतली पहिली 'गाईडेड टूर' म्हणायची तर हीच, फक्त ती जंगलात नाही, कपाटांपुढे झाली.

शाळेत मात्र सगळा आनंद होता. डोकेदुखीने शाळा बुडायची, हवापालटासाठी सिंधला पाठवलं, १९१३ मध्ये कशीबशी मॅट्रिक झाली. सेंट झेवियर्समध्ये नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी जड गेलं आणि पठ्ठ्या ब्रह्मदेशात तवॉयला निघून गेला. तिथे घरच्यांचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. सलीमने धंदा किती सांभाळला याबद्दल फार चांगलं बोलता येणार नाही. भोवती घनदाट जंगल असताना त्याचं लक्ष हिशेबाच्या वहीत कसं लागणार! १९१७ मध्ये तो परत आला. दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला बसला, आणि झेवियर्सच्या फादर ब्लाटर यांच्या सांगण्यावरून जोडीला प्राणिशास्त्रही. १९१८ च्या डिसेंबरात तहमिना यांच्याशी लग्न झालं.

विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने पक्ष्यांच्या अभ्यासाशी संबंधित सरकारी नोकरीचं दार त्यांच्यासाठी बंदच राहिलं. अखेर १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्या निसर्ग इतिहास विभागात जागा मिळाली. पद होतं गाईड लेक्चररचं. काचेमागचे प्राणी-पक्षी लोकांना समजावून सांगायचे, पगार महिना ३५० रुपये. त्या काळात हा पगार चांगलाच होता.

दोन वर्षांत त्यांना याचा कंटाळा आला. मेलेले पक्षी दाखवण्यापेक्षा पक्षी शास्त्रशुद्ध शिकावेत म्हणून रजा काढून ते बर्लिनला गेले. तिथे एरविन स्ट्रेसमान हे मोठे पक्षीतज्ज्ञ होते. सलीम अली त्यांना आयुष्यभर गुरू मानत आले. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतर कसं अभ्यासतात, तेही ते बघून आले.

१९३० मध्ये मुंबईत परतले, तर नोकरीच नाही. पैसे नाहीत म्हणून म्युझियमने गाईड लेक्चररचं पदच रद्द केलं होतं.

वय चौतिशीकडे झुकलेलं, हातात पदवी नाही, पगार नाही. मुंबईत राहणं परवडेना. नवरा-बायकोने सामान उचललं आणि खाडीपलीकडे अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम हलवला.

आज गेटवेवरून मांडव्याची बोट पकडून वीकेंडला जिथे मुंबईकर मासे खायला जातात, तेच हे किहीम. तेव्हा ते नारळ-पोफळीतलं निवांत गाव होतं. पावसाळा आला आणि जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत सुरू झाली. सलीम अलींकडे वेळच वेळ होता, ते रोज तिथे जाऊन बसू लागले.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण सुगरणीचं घरटं माहीत नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. बहिणाबाईंची कविता शाळेत सगळ्यांनी शिकलेली असते. नावावरून आणि कवितेवरून आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, की घरटं 'ती' विणते. प्रत्यक्षात विणकर असतो 'तो'. नर गवताच्या आणि पात्यांच्या चिरोट्या आणून अर्धं घरटं विणतो, साधारण उलट्या टोपीसारखं, आणि त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात, नापसंत असेल तर सरळ निघून जातात. एखादीला पसंत पडलं तर जोडी जमते, आणि मगच नर खालची लांब नळी विणून घरटं पूर्ण करतो.

इथपर्यंतचा भाग गावातल्या चाणाक्ष माणसालाही दिसला असता. सलीम अलींनी पुढचा भाग पाहिला. मादी अंड्यांवर बसली, की हा नर संसारात रमत नाही. तो शेजारीच दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. जमलं तर तिसरं. एकाच हंगामात एकामागून एक संसार. पिल्लांचं करायचं ते बहुतेक मादीनेच. हा निबंध १९३१ च्या सुमारास बीएनएचएसच्या जर्नलमध्ये आला आणि सलीम अली हे नाव जगातल्या पक्षीतज्ज्ञांना माहीत झालं.

विचार करा, म्युझियमने पद चालू ठेवलं असतं तर त्या पावसाळ्यात ते काचेच्या कपाटापुढे उभे असते.

आणखी एक गोष्ट. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः पक्षी मारा, कातडी काढा, मोजा आणि पेटीत ठेवा. किहीमला एक माणूस जिवंत पक्ष्यांपुढे नुसता बसून राहिला आणि त्यातून विज्ञान निघालं. याचा अर्थ त्यांनी बंदूक टाकली असा मात्र नाही. पुढची अनेक वर्षं त्यांनी नमुन्यांसाठी पक्षी मारले आणि ते लपवलंही नाही. अभ्यासासाठी नमुने लागतातच, हे त्यांचं मत होतं. त्यांना सरसकट संत करून टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग त्यांनी एक युक्ती काढली. संस्थानिकांना कळवलं, की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, पगार नको, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली, ज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. पुढे कोचीन, त्रावणकोर, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर. बैलगाडी, तंबू, जंगलातले मुक्काम. तहमिना बहुतेक सगळीकडे बरोबर असायच्या.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. मूलबाळ नव्हतं. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. वांद्र्याला पाली हिलवर बहीण आणि मेहुण्यांच्या घरी ते राहायला गेले आणि तिथूनच पुढची जवळजवळ पन्नास वर्षं काम केलं.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं. सुरुवातीला सांगितलं ते पुस्तक हेच. आधीची बरीचशी पुस्तकं जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेली होती. यात रंगीत चित्र, आणि समोर साध्या भाषेत माहिती. आकार किती, तर चिमणीएवढा, बुलबुलाएवढा की मैनेएवढा. लांबून ओळखायची खूण काय, राहतो कुठे, सवयी काय, घरटं कधी आणि कसं. पट्टी घेऊन पक्ष्यामागे धावायची गरजच संपली. वकील, कारकून, कॉलेजची पोरं, कुणीही हे पुस्तक पिशवीत टाकून निघू शकत होतं. डेहराडूनच्या तुरुंगात असलेल्या नेहरूंनी याची प्रत मुलगी इंदिरा हिला भेट दिली, तीही तेव्हा नैनीच्या तुरुंगात होती. पुढे ही ओळख देशातल्या पक्ष्यांच्या कामी आली.

स्वातंत्र्यानंतर बीएनएचएसची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंकडे शब्द टाकून मदत मिळवली. भरतपूरचं केवलादेव तळं आटवून जमीन शेतीला द्यायची मागणी होत होती. ते तळं वाचण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

पण याच भरतपुरात त्यांचा एक अंदाज चुकलासुद्धा. उद्यानात गुरं नकोत, या मताचे ते होते. १९८२ मध्ये चराईबंदी झाली, गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष पेटला, त्यात माणसांचे जीव गेले. नंतर बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासात दिसलं, की म्हशी चरायच्या बंद झाल्यावर गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि उलट पाणपक्ष्यांनाच फटका बसला.

मोटारसायकलचं वेड सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. हार्लेपासून सनबीमपर्यंत अनेक गाड्या त्यांनी वापरल्या. १९५० मध्ये स्वीडनला उप्साला इथे पक्षीतज्ज्ञांची जागतिक परिषद होती. वय ५३. त्यांनी सनबीम बोटीत चढवून युरोपात नेली आणि तिच्यावरून धडपडत, पडत परिषदेला पोचले. सामानाने लादलेली गाडी बघून तिथे बातमी पसरली, की हा माणूस थेट भारतातून गाडी चालवत आलाय.

अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी १९६४ ते १९७४ या काळात भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. १९७६ मध्ये पद्मविभूषण. त्याच सुमारास गेटी पुरस्काराचे पैसे मिळाले, ते त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकले. १९८५ मध्ये आत्मचरित्र आलं. त्याच्या नावातही चिमणी आहे, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. त्याच वर्षी राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ ला मुंबईतच ते गेले.

लहानपणी ते सुट्टीत चेंबूरला जायचे तेव्हा तिथे रान होतं, पहाटे दयाळ पक्ष्याचं गाणं ऐकू यायचं. आज तिथे काय ऐकू येतं ते चेंबूरकरांनी सांगावं. ठाणे खाडीचा काही भाग मात्र २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य आहे. गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावरच्या खारफुटीतल्या अभयारण्याला सलीम अलींचंच नाव आहे.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख अरण्यऋषी मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, १२ तारीख सलीम अलींची. त्या आठवड्यात वनविभाग आणि पक्षीमित्र संस्था ठिकठिकाणी पहाटेच्या फेऱ्या काढतात. जाणार असाल तर भडक कपडे घालू नका, आणि खाडीवर जायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघून घ्या. पाणी पूर्ण ओसरलं की पक्षी चिखलात लांब निघून जातात, मग दुर्बीण असूनही नुसते ठिपके दिसतात.