विठ्ठलराव विखे पाटील: कारखाना आणि ऊस एकाच वेळी तयार कसे करायचे?

प्रोजेक्ट शेड्युलिंग समजावताना बहुतेक जण इमारतीचं उदाहरण देतात. पाया झाला की भिंती, भिंती झाल्या की स्लॅब. हे सोपं आहे, कारण पायाचं काम लांबलं तर गवंडी थांबतो. मी आज असं काम घेतोय जे एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. ते म्हणजे उसाची लागण. आणि माणूस म्हणजे लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील.

विखे पाटलांचा जन्म लोणी बुद्रुकचा, नारळी पौर्णिमेचा. शाळा गावातली, तीही थोडीच. १९२३ मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली. प्रवरेच्या कालव्यांमुळे भागात ऊस होता, पण शेतकऱ्याच्या हातात गुऱ्हाळ आणि गुळाचा पडता भाव एवढंच होतं. साखर कारखाने खासगी मालकांचे. तेव्हा शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढायचं ठरलं. विखे पाटील शेअर्ससाठी गावोगाव फिरले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, मुंबई प्रांताचे मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी राहिले. १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. सहकारी तत्त्वावरचा आशियातला पहिला साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो.

आता यातलं वेळापत्रक बघा. त्यांच्या हातात सॉफ्टवेअर नव्हतं. क्रिटिकल पाथची पद्धतच १९५७ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली. पण कोणत्याही नव्या साखर कारखान्यात दोन साखळ्या समांतर चालतात:

१. शेअर्स → कर्ज → यंत्रसामग्री → उभारणी → चाचणी → गळीत
२. लागण → उसाची वाढ → गळीत

गळीत दोन्हींची वाट बघतं. यंत्र आधी तयार झालं तर ते रिकामं उभं राहतं आणि कर्जावर व्याज चढतं. ऊस आधी तयार झाला तर तो शेतात वाळतो आणि शेअर घेतलेल्याच शेतकऱ्याचं नुकसान होतं.

हे सॉफ्टवेअरमध्ये कसं मांडायचं?

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट उघडा. फुकटचं प्रोजेक्टलिब्रेही चालेल. दोन्ही साखळ्यांतली कामं 'फिनिश टू स्टार्ट' लिंकने जोडा. उसाच्या वाढीचा कालावधी 'इलॅप्स्ड' ठेवा, कारण ऊस रविवारीही वाढतो. नाहीतर सॉफ्टवेअर सुट्ट्या वगळून मोजतं आणि दिवसांत भरलेल्या १५ महिन्यांचे वीस-एकवीस महिने होतात.

आता महत्त्वाची सेटिंग. लागण आणि वाढ या दोन्ही कामांना 'ॲज लेट ॲज पॉसिबल' द्या. यंत्रसामग्री दोन महिने लांबली की गळीत पुढे सरकतं आणि लागणही आपोआप तेवढीच पुढे जाते. इथे 'मस्ट स्टार्ट ऑन' देऊन तारीख ठोकून बसवलीत तर लिंक दिसते, पण लागण हलत नाही.

'डेडलाइन' हा रकाना वेगळा. तो सहसा काम हलवत नाही, तारीख उलटत असेल तर खूण दाखवतो. शेअर्स गोळा करण्याच्या शेवटच्या तारखेसाठी तो ठीक आहे.

सॉफ्टवेअरला न कळणारी गोष्ट

समजा गळीत १ नोव्हेंबरला धरलंय. मागच्या वर्षीच्या जुलैत आडसाली लागण केली की साधारण १६ महिन्यांत ऊस तयार. आता गळीत जानेवारीत गेलं. सॉफ्टवेअर सांगेल, लागण सप्टेंबरमध्ये करा. पण तोवर आडसालीचा हंगाम संपलेला असतो. म्हणजे ऑक्टोबरात पूर्वहंगामी लागण करायची आणि वाढीचा कालावधी बदलून १५ महिने टाकायचा. इथे नुसती तारीख सरकवून भागत नाही. हे शेतकरीच सांगणार, म्हणून तारीख बदलणाऱ्या बैठकीत तो हवा.

आणि लागण झाल्यानंतर यंत्र लांबल्याचं कळलं तर? 'ॲक्च्युअल स्टार्ट' भरलेलं काम पुढे जात नाही, आणि जाऊही नये. ऊस मातीत आहे. अशा वेळी गुऱ्हाळाचा पर्याय हे वेगळं काम म्हणून आधीच चार्टमध्ये असावं.

विखे पाटलांना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९६४ मध्ये लोणीत शिक्षणसंस्था उभी राहिली, आणि २७ एप्रिल १९८० ला त्यांचं निधन झालं. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट प्लॅनिंग करणाऱ्यांसाठी मोलाची वाटते: ज्यांचा ऊस, त्यांचाच कारखाना. दोन्ही साखळ्यांची झळ एकाच माणसाला बसत होती, त्यामुळे एक तारीख हलली की दुसरीकडे बघणं भागच होतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये दोन साखळ्या दोन वेगळ्या टीमकडे असतील, तर ती आठवण लिंकने करून द्यावी लागते. आजच तुमच्या चार्टमधलं एक काम दोन आठवडे पुढे ढकलून बघा. जे हलायला हवं होतं आणि हललं नाही, तिथे लिंक राहिली आहे किंवा तारीख ठोकलेली आहे.