विश्लेषण : वणव्याचा शत्रू ते आगीचा अभ्यासक… आल्डो लिओपोल्ड यांनी मत का बदलले?

२१ एप्रिल १९४८. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका शेतातील आग वाळल्या गवतातून पसरत निघाली. शेजारच्या जमिनीचे मालक आल्डो लिओपोल्ड ती विझवायला धावले. तिथेच हृदयविकाराचा झटका येऊन त्यांचा मृत्यू झाला. वय होते ६१. जंगलात आगीचेही काही काम असते, हे अमेरिकेतील वनाधिकाऱ्यांपैकी सर्वात आधी ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते.

सुरुवात कुठे झाली?

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी मिसिसिपी नदीकाठच्या बर्लिंग्टन गावात झाला. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन १९०९ मध्ये ते अमेरिकी वनसेवेत रुजू झाले. पहिली नेमणूक ॲरिझोनातील अपाची जंगलात होती. पुढच्याच वर्षी आयडाहो आणि मोंटाना भागांत वणव्यांनी सुमारे ३० लाख एकर जंगल खाक केले. त्यानंतर वनसेवेचे धोरण पक्के झाले : आग दिसली की विझवायची.

तेव्हा त्यांची भूमिका काय होती?

इतर वनाधिकाऱ्यांसारखीच. जंगलातील पालापाचोळा, गवत अधूनमधून हलक्या आगीने जाळावे, असे तेव्हा काही जमीनमालक म्हणत. मूळ रहिवासी पूर्वीपासून असे करत. १९२० मध्ये लिओपोल्ड यांनी या पद्धतीवर जाहीर टीका केली. आगीत रोपटी मरतात, मातीचा कस जातो, असे त्यांचे म्हणणे होते.

लांडग्यांबाबतही तेच. लांडगे आणि पहाडी सिंह संपवले की हरणे वाढतील, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी स्वतः लांडगे मारले आणि शिकारी प्राण्यांच्या निर्मूलनाचा प्रचारही केला.

मत कशामुळे बदलले?

दक्षिण ॲरिझोनाच्या टेकड्यांवर गवत कमी होऊन झुडपे माजली होती आणि माती वाहून जात होती. तिथल्या जुन्या जुनिपर वृक्षांच्या बुंध्यांवर लिओपोल्ड यांना आगीचे व्रण आढळले. म्हणजे पूर्वी इथे वारंवार वणवे लागत होते, तरीही गवत टिकून होते. मग बदलले काय? वसाहतकऱ्यांची गुरे आली. त्यांनी गवत फस्त केले, त्यामुळे आग पसरायला इंधन उरले नाही. आग थांबल्यावर झुडपांना मोकळे रान मिळाले. गवताची मुळे माती जशी धरून ठेवतात, तशी झुडपांना जमली नाही आणि धूप वाढली.

वनसेवेला तर चराई हवीच होती, कारण गवत कमी म्हणजे वणवा कमी. या हिशेबात माती गमावली जाते, हे लिओपोल्ड यांनी १९२४ मध्ये वनशास्त्राच्या नियतकालिकात लिहिले. चार वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या भूमिकेपासून ते बरेच दूर आले होते.

लांडग्यांचे काय?

ॲरिझोनातील कैबाब पठारावर शिकारी प्राणी मारल्यानंतर हरणे बेसुमार वाढली आणि १९२०च्या दशकात उपासमारीने मेली. १९३५ मध्ये जर्मनीत त्यांना आखीव जंगले आणि जमिनीवरची हिरवळ खाऊन टाकणारी हरणे दिसली. १९३६ मध्ये मेक्सिकोतील गाव्हिलान नदीच्या खोऱ्यात नेमके उलटे चित्र होते. तिथे लांडगे होते, पहाडी सिंह होते, अधूनमधून आगीही लागत. तरीही हरणे प्रमाणात होती, माती जागेवर होती आणि ओढ्यांचे पाणी नितळ होते.

पुढे त्यांनी काय केले?

त्यांच्याच आग्रहाने १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील गिला परिसर रस्त्यांविना राखीव ठेवला गेला. १९३३ मध्ये त्यांचा वन्यजीव व्यवस्थापनावरील ग्रंथ आला आणि त्याच वर्षी ते विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या विषयाचे प्राध्यापक झाले. १९३५ मध्ये त्यांनी कस गेलेले एक शेत घेतले. तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याचे घर केले आणि कुटुंबासह हजारो पाइन लावले.

विद्यापीठाच्या उद्यानात नष्ट झालेले माळरान पुन्हा उभे करण्याचा प्रयोग सुरू झाला, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. तिथे बाहेरून आलेले गवत हटेना. १९४०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस आणि सहकाऱ्यांनी काही पट्टे मुद्दाम जाळून पाहिले. आगीनंतर परके गवत मागे हटले आणि माळरानाच्या मूळ वनस्पतींना बळ मिळाले.

वारसा काय?

मृत्यूच्या आठवडाभर आधी त्यांच्या निबंधसंग्रहाला प्रकाशक मिळाला होता. १९४९ मध्ये आलेले ते पुस्तक आज पर्यावरण विचारातील पायाभूत ग्रंथ मानले जाते. त्यांचे थोरले पुत्र स्टार्कर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६३ मध्ये राष्ट्रीय उद्यानांतील आगीच्या धोरणावर बोट ठेवले. १९६८ मध्ये उद्यानांच्या नियमांत नैसर्गिक आगीला जागा मिळाली.

मग लिओपोल्ड शेवटच्या दिवशी आग विझवायला का धावले? कारण ती आग त्यांच्या कोवळ्या पाइनवर चालून येत होती. प्रत्येक आग चांगली, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. कुठे, केव्हा आणि कशासाठी, हे पाहूनच आगीचा निवाडा करावा, हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामाचे सार आहे.