प्रतिभेचे अर्घ्य : रेव्हरंड नारायण वामन टिळक

देवाने दिलेले गुण देवाच्याच चरणी वाहावेत, ही शिकवण ख्रिस्ती धर्मात मोलाची मानली जाते. सांगायला सोपी असलेली ही गोष्ट आचरणात आणताना किती किंमत मोजावी लागते, हे मराठी वाचकाला ज्यांच्या चरित्रातून कळते ते म्हणजे फुलामुलांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचे घर, करड्या स्वभावाचे वडील आणि काव्याची ओढ असलेली आई. आईचे छत्र लवकर हरपले आणि नारायण घराबाहेर पडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याचे संस्कृतचे अध्ययन झाले. १८८० मध्ये मनकर्णिका गोखले यांच्याशी विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाल्या. शीघ्रकवित्व, वक्तृत्व आणि कीर्तनाची हातोटी हे टिळकांचे उपजत धन होते. परंतु चित्ताला स्वस्थता नव्हती. एक गाव सोडून दुसरे, एक नोकरी टाकून दुसरी, असा त्यांचा प्रवास चालू राहिला.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलमधील नवा करार भेट दिला. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची झळ प्रथम घराला लागली. आप्तस्वकीय दुरावले आणि लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन सुमारे पाच वर्षे पतीपासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये स्वेच्छेने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही टिळकांची खरी कर्मभूमी. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत ते अध्यापन आणि उपदेशाचे काम करीत. त्या काळी मराठी चर्चमध्ये बहुधा इंग्रजी गीतांची भाषांतरे परक्या चालींवर गायिली जात. उपासकाच्या ओठांवरचे शब्द त्याच्या काळजाला भिडत नाहीत, हे टिळकांनी जाणले. वारकऱ्यांचा अभंग, स्त्रियांची ओवी, मंदिरातले भजन आणि कीर्तन ही महाराष्ट्राच्या भक्तीची भाषा. तीच त्यांनी ख्रिस्तभक्तीची केली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची श्रद्धा होती. धर्म बदलला म्हणून आपली भाषा आणि आपले संत परके होत नाहीत, हा त्यांचा आग्रह होता. त्यांची शंभराहून अधिक भक्तिगीते मराठी ख्रिस्ती उपासनेचा भाग झाली. ती आजही चर्चमध्ये गायिली जातात.

१९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. त्यांची प्रतिभा चर्चच्या चार भिंतींत मात्र अडकली नाही. ‘वनवासी फूल’सारखे काव्य, मुले, फुले आणि संसार यांवरील कविता सर्वधर्मीय वाचकांनी आपल्या मानल्या. त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या कवीला, म्हणजे आपल्या बालकवींना, टिळक दांपत्याने घरच्या मुलाप्रमाणे सांभाळले. दुसऱ्याच्या ठायी असलेले देणे ओळखून ते जोपासणे, हाही टिळकांच्या लेखी ईश्वरसेवेचाच भाग असावा.

तरीही त्यांना वाटे, आपण अद्याप सर्वस्व दिलेले नाही. मिशनचे वेतन घेऊन केलेली सेवा त्यांना अपुरी भासू लागली. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचा निर्णय घेतला. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही या बंधुसंघात स्थान होते. परदेशी संस्थेच्या आधाराशिवाय भारतीय भूमीत रुजलेली ख्रिस्तभक्ती, हे त्यांचे स्वप्न होते. निश्चित मिळकत थांबल्याने संसाराची घडी मात्र विस्कटली. पतीच्या त्यागाचा भार पत्नीच्याही खांद्यावर येतो, ही या समर्पणाची दुसरी बाजू. तिच्याकडे डोळेझाक करून टिळकांचे चरित्र सांगता येणार नाही.

दरबार स्थिरावण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करणारे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना विवाहाच्या वेळी अक्षरओळखही नव्हती, ज्यांना टिळकांनीच लिहिण्या-वाचण्याची गोडी लावली, त्यांनी पतीचे अपुरे काव्य पुढे लिहिले आणि ‘स्मृतिचित्रे’सारखे निर्मळ आत्मचरित्रही मराठीला दिले.

टिळकांचा दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही; टिकली ती गीते. मिळालेले देणे पुरून न ठेवता दुपटीने परत करणाऱ्या सेवकांचा दृष्टांत बायबलमध्ये आहे. टिळकांनी आपल्याजवळचे शब्द देवाला वाहिले आणि ते मराठी भाषेच्या पदरात कितीतरी पटींनी पडले.