थॉमस ग्रॅहम

बहुतेक वायु डोळ्यांस दिसत नाहींत. मग एकमेकांत मिसळलेले वायु वेगळे कसे करावे? ह्या प्रश्नामागें ज्यानें आयुष्य वेंचिलें, तो थॉमस ग्रॅहम इ. स. १८०५ मध्यें स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं जन्मला. पुत्रानें धर्मोपदेशक व्हावें अशी पित्याची इच्छा; पण त्याचें मन रसायनशास्त्रांत रमलें. पित्यानें द्रव्यसाहाय्य बंद केलें, तेव्हां शिकवण्या व लेखन करून त्यानें अभ्यास चालू ठेविला. १८३७ सालीं तो लंडन येथें प्राध्यापक झाला.

प्लास्टरच्या सच्छिद्र तुकड्यांतून हलका वायु जलद व जड वायु सावकाश जातो, हें मोजून त्यानें त्याचा नियम बसविला. १८५५ सालीं टांकसाळीचें मुख्य अधिकारपद मिळालें, तरी प्रयोग थांबले नाहींत. १८६६ सालीं त्यानें रबराच्या पातळ पडद्यांतून हवा निर्वात पात्रांत ओढिली. पलीकडे प्राणवायु शेंकडा २१ ऐवजीं सुमारें ४१ निघाला! दलदलींतील मिथेन वायु नत्रवायूच्या दुपटीहून अधिक वेगानें पार झाला. परंतु प्राणवायूहून हलका असूनही त्याच्या मागें राहिला. येथें जुना नियम लागू पडेना. वायु आधीं रबरांत विरघळतो व मग पलीकडे निघतो, असें त्यानें ताडिलें.

१८६९ सालीं तो निवर्तला. आज मिथेन, ईथेन, एथिलीन हे वायु शुद्ध करण्यासाठीं शास्त्रज्ञ सच्छिद्र बहुवारिकें घडवीत आहेत. त्या वाटेवरील आरंभींचीं पावलें ग्रॅहमचीं आहेत. विद्यार्थिमित्रांनो, आपलाच नियम जेथें अपुरा पडला, तेथें तो खिन्न झाला नाहीं. नवें कारण शोधूं लागला. हाच गुण आपण घ्यावा.