फहाद अल-अहमद अल-जाबेर अल-सबाह

शेख फहाद अल-अहमद अल-जाबेर अल-सबाह (जन्म: १० ऑगस्ट १९४५, मृत्यू: २ ऑगस्ट १९९०) हे कुवेतच्या राजघराण्यातील लष्करी अधिकारी व क्रीडा प्रशासक होते. कुवेत फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष आणि आशियाई ऑलिंपिक परिषदेचे संस्थापक-अध्यक्ष म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या कारकिर्दीत कुवेतने १९८० चा आशियाई चषक जिंकला आणि १९८२ च्या विश्वचषक स्पर्धेत स्थान मिळवले. त्या स्पर्धेत फ्रान्सविरुद्धचा सामना चालू असताना ते स्वतः मैदानात उतरले आणि त्यानंतर पंचांनी दिलेला गोल रद्द केला. या घटनेमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. इराकच्या आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी दस्मान राजवाड्यात त्यांचा मृत्यू झाला.

सुरुवातीचे जीवन

फहाद हे कुवेतचे शासक शेख अहमद अल-जाबेर अल-सबाह यांचे पुत्र होत. अहमद अल-जाबेर यांनी १९२१ ते १९५० या काळात कुवेतवर राज्य केले. वडिलांचे निधन झाले तेव्हा फहाद पाच वर्षांचेही नव्हते. त्यांचे सावत्र बंधू जाबेर अल-अहमद १९७७ च्या अखेरीस कुवेतचे अमीर झाले. पुढे सबाह अल-अहमद व नवाफ अल-अहमद हे बंधूही अमीरपदी आले.

तरुणपणी फहाद यांनी कुवेतच्या लष्करात प्रवेश केला. १९६० च्या दशकात ते पॅलेस्टिनी सशस्त्र चळवळीत सहभागी झाले. राजघराण्यातील व्यक्तीने अशा चळवळीत प्रत्यक्ष उतरणे ही त्या काळी असाधारण बाब होती. पुढे मायदेशी त्यांनी आपले लक्ष प्रामुख्याने क्रीडा क्षेत्राकडे वळवले.

कुवेतमधील क्लब व लीग

कुवेतला १९६१ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि देशातील सर्वोच्च फुटबॉल लीगचा पहिला हंगामही १९६१-६२ मध्ये खेळला गेला. अल-अरबी, अल-कादिसिया आणि कुवेत क्लब या १९६० साली स्थापन झालेल्या तीन क्लबांचे लीगवर दीर्घकाळ वर्चस्व राहिले. पहिले विजेतेपद अल-अरबीने मिळवले. खनिज तेलाच्या उत्पन्नामुळे राज्याकडे पैसा होता. त्यातून क्लबांना मैदाने, प्रशिक्षक व सोयी मिळाल्या. लोकसंख्या मात्र कमी असल्याने चांगले खेळाडू मोजक्या क्लबांत एकवटले आणि वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळत राहिले. राष्ट्रीय संघाची जडणघडण याच लीगमध्ये झाली.

क्लबांच्या व्यवस्थापनात राजघराण्यातील व्यक्ती व प्रतिष्ठित व्यापारी कुटुंबांचा मोठा वाटा असे. फहाद यांचा संबंध अल-कादिसिया क्लबशी होता. १९७० च्या दशकात या क्लबने अनेकदा लीग जिंकली. जासेम याकूब व फैसल अल-दखील हे त्या पिढीतील दोन नामवंत आघाडीपटू याच क्लबचे होते. क्लबच्या कारभारातून फहाद राष्ट्रीय पातळीवर आले. त्यांनी कुवेत फुटबॉल संघटना व कुवेत ऑलिंपिक समिती या दोन्हींचे अध्यक्षपद भूषवले. आशियाई हँडबॉल महासंघाच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. १९८१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले.

राष्ट्रीय संघाचा उत्कर्ष

या काळात कुवेतने ब्राझीलच्या प्रशिक्षकांना पाचारण केले. प्रथम मारिओ झगालो आणि नंतर कार्लोस अल्बेर्तो पारेरा यांनी संघाची सूत्रे सांभाळली. १९७६ च्या आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात कुवेतला तेहरानमध्ये इराणकडून १-० असा पराभव पत्करावा लागला. १९८० च्या स्पर्धेचे यजमानपद कुवेतकडे आले. साखळी फेरीत दक्षिण कोरियाने यजमानांना ३-० असे हरवले होते. अंतिम सामन्यात त्याच संघाला कुवेतने ३-० असेच नमवले. त्यात अल-दखीलने दोन व साद अल-हूतीने एक गोल केला. आशियाई चषक जिंकणारा कुवेत हा पहिला अरब देश ठरला. त्याच वर्षी मॉस्को ऑलिंपिकमध्ये संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे सोव्हिएत संघाकडून तो १-२ असा पराभूत झाला.

यानंतर कुवेतने १९८२ च्या विश्वचषकासाठी पात्रता मिळवली. आशिया खंडातून विश्वचषकात पोहोचलेला तो पहिला अरब देश होता. स्पेनला गेलेल्या संघातील सर्व २२ खेळाडू कुवेतमधीलच क्लबांचे होते.

१९८२ चा विश्वचषक व वायादोलिद येथील घटना

पहिल्या सामन्यात कुवेतने चेकोस्लोव्हाकियाला १-१ असे बरोबरीत रोखले. दुसरा सामना २१ जून १९८२ रोजी वायादोलिद येथे फ्रान्सविरुद्ध झाला. सामन्याच्या उत्तरार्धात फ्रान्सकडे ३-१ अशी आघाडी असताना अलँ जिरेसने आणखी एक गोल केला. प्रेक्षकांमधून शिट्टीचा आवाज आल्याने कुवेतचे बचावपटू जागीच थांबले होते. ती शिट्टी पंचांची असल्याचा त्यांचा समज झाला होता. सोव्हिएत पंच मिरोस्लाव्ह स्तुपार यांनी गोल ग्राह्य धरला. कुवेतच्या खेळाडूंनी त्याला हरकत घेतली.

प्रेक्षागृहात बसलेल्या फहाद यांनी हातवारे केले. ते आपल्या संघाला मैदान सोडण्यास सांगत आहेत, असा त्याचा अर्थ घेतला गेला. त्यानंतर ते खाली उतरून थेट मैदानात आले आणि पंचांशी बोलले. स्तुपार यांनी आपला निर्णय फिरवून गोल रद्द केला. फ्रान्सचे प्रशिक्षक मिशेल इदाल्गो यांनी या निर्णयाला जोरदार विरोध केला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर अखेरच्या मिनिटांत मॅक्सिम बोसिसने गोल केला आणि फ्रान्सने सामना ४-१ असा जिंकला.

रद्द झालेल्या गोलाने निकाल बदलला नाही, परंतु नियमाचा प्रश्न त्यामुळे मिटला नाही. शिट्टीने खेळाडूंची दिशाभूल झाली होती, ही कुवेतची तक्रार निराधार नव्हती. मात्र फुटबॉलच्या नियमांनुसार सामन्यातील घटनांबाबत अंतिम निर्णय पंचांचा असतो आणि संघटनेच्या अध्यक्षाला मैदानात कोणताही अधिकार नसतो. फिफाने या प्रकरणी दंड ठोठावला. स्तुपार यांना त्यानंतर विश्वचषकाचा एकही सामना मिळाला नाही. तिसऱ्या सामन्यात इंग्लंडकडून १-० असा पराभव झाल्याने कुवेतचे आव्हान साखळीतच संपुष्टात आले. त्यानंतर कुवेतला पुन्हा विश्वचषकासाठी पात्र ठरता आलेले नाही.

आशियाई ऑलिंपिक परिषद

आशियाई क्रीडा स्पर्धांचे नियमन करणाऱ्या आशियाई क्रीडा महासंघाची स्थापना १९४९ मध्ये नवी दिल्लीत झाली होती. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने आशियातील ऑलिंपिक समित्यांचे प्रतिनिधी पुन्हा याच शहरात जमले. १६ नोव्हेंबर १९८२ रोजी जुन्या महासंघाच्या जागी आशियाई ऑलिंपिक परिषद अस्तित्वात आली. फहाद तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि तिचे मुख्यालय कुवेतला गेले. इस्रायल जुन्या महासंघाचा सदस्य होता, पण नव्या परिषदेत त्याला स्थान देण्यात आले नाही. पुढे इस्रायलचे खेळाडू युरोपातील स्पर्धांकडे वळले.

दिल्लीतील त्याच स्पर्धेत फुटबॉलचा अंतिम सामना कुवेत व इराक यांच्यात झाला. इराकने तो १-० असा जिंकला.

इराकचे आक्रमण व मृत्यू

१९९० च्या प्रारंभी आखाती चषक स्पर्धा कुवेतमध्ये भरली. यजमान संघाने ती जिंकली. पंचांच्या निर्णयांवरून झालेल्या वादानंतर इराकच्या संघाने ही स्पर्धा अर्ध्यावर सोडली होती. त्या हंगामाचे लीग विजेतेपद अल-जहरा क्लबने मिळवले.

काही महिन्यांनंतर, २ ऑगस्ट १९९० रोजी पहाटे, इराकी सैन्याने सीमा ओलांडून कुवेतमध्ये प्रवेश केला. अमीर जाबेर अल-अहमद व युवराज साद अल-अब्दुल्ला यांनी सौदी अरेबियात आश्रय घेतला. फहाद मात्र अमीरांचे निवासस्थान असलेल्या दस्मान राजवाड्याकडे गेले आणि तेथील चकमकीत मारले गेले. त्यांच्या मृत्यूचे तपशील निरनिराळ्या प्रकारे सांगितले जातात. पंचेचाळीसाव्या वाढदिवसाला तेव्हा आठ दिवस उरले होते. कुवेतमध्ये त्यांना हुतात्मा मानले जाते.

सप्टेंबर १९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई क्रीडा स्पर्धांपूर्वी परिषदेने इराकला निलंबित केले. श्रीलंकेचे रॉय डिसिल्वा यांनी हंगामी अध्यक्ष म्हणून काम पाहिले. युद्धामुळे कुवेतमध्ये १९९०-९१ च्या हंगामाची लीग होऊ शकली नाही.

वारसा

१९९१ मध्ये फहाद यांचे पुत्र अहमद अल-फहाद आशियाई ऑलिंपिक परिषदेचे अध्यक्ष झाले आणि २०२१ पर्यंत ते या पदावर होते. दुसरे पुत्र तलाल अल-फहाद यांनी अल-कादिसिया क्लब व कुवेत फुटबॉल संघटना यांचे अध्यक्षपद सांभाळले. कुवेतमधील एका निवासी वसाहतीला फहाद अल-अहमद यांचे नाव देण्यात आले आहे.

कुवेतच्या फुटबॉलला राजघराण्याच्या आश्रयामुळे साधने व प्रतिष्ठा मिळाली, पण खेळाचा कारभार आणि सत्ता यांच्यातील सीमारेषा त्यामुळे पुसट राहिली. वायादोलिदच्या मैदानावर हा प्रश्न एका सामन्यापुरता उपस्थित झाला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्रीडा कायद्यातील सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफाने कुवेतच्या संघटनेला निलंबित केले, तेव्हा तो पुन्हा समोर आला. हे निलंबन डिसेंबर २०१७ पर्यंत चालले. या काळात देशांतर्गत लीग चालू राहिली, परंतु राष्ट्रीय संघ व क्लब आंतरराष्ट्रीय स्पर्धांपासून वंचित राहिले.