गुरुजी ते लोकमान्य : एका जीर्णोद्धाराची कथा

मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत लोकमान्य टिळकांचे स्मरण करणे अत्यंत उचित आहे. कारण गावोगावच्या लहानथोरांच्या वर्गणीतून वारसा कसा राखावा, हे टिळकांनी आपल्याच जिल्ह्यातील रायगडाच्या निमित्ताने महाराष्ट्राला शिकविले.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक व संस्कृतचे जाणकार. घरातूनच विद्येचे बाळकडू मिळालेल्या टिळकांनी बी. ए. व पुढे कायद्याची पदवी संपादन केली. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. परंतु ती वाट सोडून त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकरही पुढे या कार्यात सामील झाले. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. तेथे टिळक गणित व संस्कृत शिकवीत. संस्थेच्या आजीव सेवकांनी बाहेरच्या मिळकतीकडे न पाहता सर्व शक्ती संस्थेलाच वाहावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून मतभेद विकोपास जाऊन १८९० साली त्यांनी संस्था सोडली.

शाळा सुटली, पण शिकविणे सुटले नाही. १८८१ साली सुरू झालेला ‘केसरी’ हाच आता त्यांचा फळा झाला आणि सारा महाराष्ट्र त्यांचा वर्ग. सामाजिक सुधारणांच्या काही प्रश्नांवर त्यांची भूमिका आज आपणांस पटणार नाही. आगरकरांशी त्यांचे त्यावरून तीव्र वाद झाले. परंतु सामान्य माणसाला एकत्र आणण्याची त्यांची हातोटी निर्विवाद होती. १८९३-९४ पासून पुण्यात वाढीस लागलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाला त्यांनी लेखणीचे व संघटनेचे बळ दिले. १८९५ साली ते मुंबई कायदे कौन्सिलावर निवडून गेले.

त्याच वर्षी त्यांनी रायगडाचा प्रश्न हाती घेतला. १८१८ साली गड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर जगदीश्वराच्या मंदिरासमोरील शिवछत्रपतींची समाधी झाडाझुडपांत हरवत चालली होती. महात्मा फुले यांनी १८६९ सालीच शिवरायांवर पोवाडा रचून लोकांना जागे केले होते. पुढे १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानेही समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिले. तरी देखभालीस सरकारची मंजुरी वर्षाला अवघी ५ रुपये! टिळकांनी सरकारकडे हात पसरण्याऐवजी लोकांना हाक दिली. ३० मे १८९५ रोजी पुण्याच्या हिराबागेत सभा भरली, निधी सुरू झाला. संस्थानिकांच्या देणग्या आल्या, तशाच सामान्य माणसाच्या छोट्या रकमाही आल्या. एप्रिल १८९६ मध्ये गडावर शिवउत्सव साजरा होऊन मोठा जनसमुदाय लोटला.

या कार्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. जून १८९७ मधील पुण्याच्या शिवउत्सवाचा वृत्तांत व त्यासोबतचे लेखन ‘केसरी’त छापल्यावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि १८ महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली. १९०८ साली पुन्हा ६ वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. तेथील कोठडीत त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. सुटून आल्यावर १९१६ साली होमरूलची चळवळ उभारली. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

समाधीचा जीर्णोद्धार मात्र त्यांना पाहावयास मिळाला नाही. ते काम १९२६ च्या सुमारास पुरे झाले. ज्याने पहिली हाक दिली त्याच्या पश्चात इतरांनी ते तडीस नेले. १९८१ साली आपल्या कुलाबा जिल्ह्यालाही रायगडाचेच नाव मिळाले.

आगरकोटाची पडकी तटबंदी नित्य पाहणाऱ्या आम्हा रेवदंडेकरांना दगडही राखणदाराविना टिकत नाही, हे सांगावयास नको. आज ज्यांनी या मंदिरासाठी हजारो रुपये दिले, ज्यांनी नारळ-सुपारीच्या वाडीच्या उत्पन्नातून मूठभर दिले आणि ज्यांनी केवळ श्रमदान केले, ते सर्व एकाच परंपरेचे पाईक आहेत. कळस चढला म्हणजे काम संपत नाही. पुढील दिवाबत्ती, डागडुजी व चोख हिशेब ही जबाबदारी पुढच्या पिढीने आनंदाने उचलावी, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.